माझा पगार चालू होता, तिचा बंद

गेल्या महिन्यात एका सरकारी ऑफिसात गेले होते. काम तसं किरकोळ. एका जुन्या दाखल्यात वडिलांच्या नावात एक वेलांटी चुकलीय, पहिलीची दुसरी झालीय, तेवढी दुरुस्त करून हवी होती. त्या वेलांटीपायी बँकेतलं एक काम चार महिने लोंबकळतंय, पण ते सोडा. टोकन मिळालं सत्तेचाळीस नंबरचं, बाकावर बसले आणि लॅपटॉप उघडला, कारण हाफ डे टाकला तरी मेल काही हाफ डे घेत नाहीत.

शेजारी शेहेचाळीस नंबरवाली बाई बसलेली. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात अजून एक पिशवी, तिला रबरबँड, आणि मग आत कागद. दर पाच मिनिटांनी ती ते सगळं सोडायची, कागद मोजायची, परत बांधायची. बोलता बोलता कळलं की तिचंही काम नावाचंच. मुलीच्या जन्माच्या दाखल्यावर आईचं नाव चुकीचं पडलंय, म्हणजे हिचंच, आणि शाळेनं त्यावरून ॲडमिशन अडवलीय. ही चौथी खेप. पहिल्यांदा आली तेव्हा मूळ दाखला सोबत नव्हता, दुसऱ्यांदा तो आणला तर झेरॉक्सवर सही-शिक्का नव्हता, तिसऱ्यांदा सगळं होतं पण सही करणारे साहेब रजेवर. "आज तरी होईल ना हो?" असं मलाच विचारत होती, जशी काही मी आतल्यांपैकीच.

तिचा नंबर आला. खिडकीतल्या माणसानं कागद हातात न घेताच वरून नजर फिरवली. "मावशी, ॲफिडेव्हिट कुठंय?" ते काय असतं हे तिनं विचारेपर्यंत तो म्हणाला, "अगं प्रतिज्ञापत्र, ते करून आण, मग बघू. चला, पुढचे." ती म्हणाली की मागच्या वेळी कुणी सांगितलं नाही. "मागच्या वेळी मी नव्हतो इथं." संपलं.

मग मी. माझ्याकडेही ॲफिडेव्हिट नव्हतं! मी फक्त एवढंच विचारलं की हे कुठे लिहिलंय, तुमच्या वेबसाइटवरच्या यादीत तर नाही. आवाज चढवला नाही, भांडले नाही, खरंच नाही. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, मग लॅपटॉपच्या बॅगेकडे, मग गळ्यातल्या कंपनीच्या आयकार्डाकडे आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही असं करा, आत साहेबांना भेटा." आत बसायला खुर्ची मिळाली. साहेब चांगला माणूस, त्यांनी साध्या कागदावर दोन ओळींचा अर्ज लिहून घेतला, खाली सही केली, आठ दिवसांनी दाखला घेऊन जा म्हणाले. वीस मिनिटं लागली असतील, त्यातली दहा पेन शोधण्यात गेली.

बाहेर आले तर ती दरवाज्याजवळच उभी. "झालं तुमचं?" झालं म्हटलं. "ॲफिडेव्हिट होतं का तुमच्याकडं?"

मी हो म्हटलं.

का खोटं बोलले याचा गेला महिनाभर विचार करतेय. सोपं उत्तर म्हणजे लाज वाटली. पण त्याहून वाईट एक गोष्ट आहे, ती म्हणजे खरं सांगितलं असतं तर मला तिला घेऊन परत आत जावं लागलं असतं, आणि अकराला माझी मीटिंग होती. एवढंच. एका बाईच्या पोरीचं वर्ष एका बाजूला आणि माझी मीटिंग दुसऱ्या बाजूला, आणि मी अर्ध्या सेकंदात हिशोब करून टाकला, तोही तोंडातून शब्द बाहेर पडायच्या आत.

अजून एक. ती माझ्यापेक्षा लहान होती. पहिलीत जायच्या वयाची मुलगी, म्हणजे असेल तीस-बत्तीसची, मी बेचाळीसची. पण ती मावशी आणि मी मॅडम. तिला "आण", मला "असं करा". आपल्या भाषेत ही सोय फार छान आहे, क्रियापदाच्या शेपटावरनं कळतं कोण कुठल्या पायरीवर उभं आहे ते, वेगळा अपमान करावा लागत नाही. मावशी हा शब्द प्रेमाचा आहे वगैरे मला माहितीय, पण मग त्या प्रेमानं मला का नाही कुणी मावशी म्हणालं?

मानवी हक्क म्हटलं की आपल्याला तुरुंग, छळ, गोळीबार, असलं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. ते आहेच. पण १० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनं मानवी हक्कांचा जो जाहीरनामा मंजूर केला (४८ मतं बाजूनं, विरोधात एकही नाही, ८ देश तटस्थ) त्याची ३० कलमं एकदा सलग वाचून बघा, पंधरा मिनिटं लागतात. त्यात कलम ६ म्हणतं की प्रत्येक माणसाला कुठंही कायद्यासमोर व्यक्ती म्हणून मान्यता हवी. कलम ८ म्हणतं की हक्क मोडला गेला तर त्यावर परिणामकारक दाद मागता आली पाहिजे. आणि कलम २४, ज्यावर लोक हसतात, ते विश्रांतीचं, कामाच्या तासांना मर्यादा असण्याचं आणि पगारी रजेचं आहे.

पगारी रजा मानवी हक्क कसला, ही चैन आहे, असं मलाही वाटायचं. त्या बाकावर बसल्यावर डोक्यात उजेड पडला. रांग एकच, बाक एकच, टोकनात एका नंबरचा फरक, पण मी तिथं बसले होते तेव्हा माझा पगार चालू होता आणि तिचा बंद होता. ती रोजावर. चार खेपा म्हणजे चार दिवसांचा रोज बुडाला, शिवाय येण्याजाण्याचे पैसे, शिवाय धाकट्याला कुणाकडे तरी ठेवायचं त्याचे उपकार. तेच काम मला फुकटात पडलं आणि तिला चार दिवसांच्या मजुरीला, आणि तरी झालं नाहीच. रजा नसलेल्या माणसाला बाकीचे हक्क वापरायला वेळ कुठनं येणार? कारण खिडकी उघडते त्याच वेळात तो राबत असतो.

मला वाटतं विषमतेवर बोलताना आपण पैशावर बोलतो, जमिनीवर, शिक्षणावर बोलतो, आणि हे राहून जातं. हक्क सगळ्यांना सारखे दिलेत, पण ते वापरायचा खर्च सारखा नाही. आणि हा खर्च कुठल्या कायद्यात लिहिलेला नसतो, त्यामुळे त्याबद्दल कुणाकडे तक्रारही करता येत नाही.

वाचत गेले तसं कळलं की कोर्टांमध्ये हा वाद कितीतरी वेळा होऊन गेलाय. अमेरिकेतला क्लॅरेन्स गिडियन घ्या. १९६१ साली फ्लोरिडातल्या पनामा सिटीत एका पूल रूममध्ये, म्हणजे बिलियर्ड्ससारखा खेळ खेळायच्या जागेत, चोरी केल्याचा आरोप त्याच्यावर आला. वकील करायला पैसे नव्हते, न्यायाधीशांकडे वकील मागितला तर उत्तर मिळालं की फाशीच्या गुन्ह्याशिवाय सरकारी खर्चानं वकील देता येत नाही. मग त्यानं स्वतःच स्वतःची केस लढवली, हरला, पाच वर्षं शिक्षा. तुरुंगातनं त्यानं पेन्सिलीनं अर्ज लिहून सुप्रीम कोर्टाला पाठवला आणि मार्च १९६३ मध्ये नऊच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितलं की असा खटला न्याय्य म्हणता येत नाही, वकील द्यावाच लागेल. खरी गंमत पुढे आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खटला परत चालला, तोच माणूस, तोच आरोप, मुख्य साक्षीदारही तोच, फक्त यावेळी बाजूला वकील, त्यानं साक्षीदाराला उभा-आडवा घेतला, आणि ज्यूरीनं तासाभरात निर्दोष सोडलं. दोन वर्षं तुरुंगात काढली होती तोवर. कायद्यातलं एक अक्षरही पहिल्या वेळी त्याच्या विरोधात नव्हतं, कायदा सगळ्यांना सारखाच होता, स्वतःची बाजू मांडायची मुभा होती की!

दुसरं उदाहरण आयर्लंडमधल्या एका बाईचं, जोहाना एअरीचं. नवरा दारुडा, मारहाणीबद्दल त्याला शिक्षाही झालेली. त्या काळात आयर्लंडमध्ये घटस्फोटच नव्हता, कायदेशीर विभक्त होता यायचं पण ते फक्त हायकोर्टात, आणि वकिलाचा खर्च तिच्या आवाक्याबाहेर. सरकारचं म्हणणं काय, तर कोर्टाचा दरवाजा उघडा आहे, तिनं स्वतः येऊन बाजू मांडावी, अडवलंय कुणी? प्रकरण युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेलं तेव्हा तिथं एक आकडा निघाला. १९७२ ते १९७८ या सात वर्षांत आयर्लंडमध्ये विभक्त होण्याचे २५५ अर्ज झाले होते आणि त्या २५५ पैकी एकही वकिलाशिवाय नव्हता. एकही नाही. म्हणजे दरवाजा उघडा होता पण त्यातनं वकिलाशिवाय आजवर कुणी आत गेलेलं नव्हतं. ९ ऑक्टोबर १९७९ च्या निकालात न्यायालयानं सांगितलं की हक्क कागदावर दिसण्यापुरते नसतात, ते प्रत्यक्षात वापरता आले पाहिजेत. मी हे वाचलं आणि मला ती खिडकी आठवली. उघडीच होती की. कुणी अडवलं होतं?

आणि हे जुन्या काळचं आहे असं समजू नका. ब्रिटनमध्ये २०१३ ला सरकारनं कामगार न्यायाधिकरणात तक्रार करायला फी लावली. नोकरीवरून बेकायदा काढलं असेल किंवा भेदभाव झाला असेल तर सुनावणीपर्यंत जायला १,२०० पौंड. आता ज्याची नोकरीच गेलीय त्याच्याकडनं फी, या डोक्याला काय म्हणावं. तक्रारी जवळपास दोन तृतीयांशांनी घटल्या. म्हणजे मालक लोक एकदम सज्जन झाले असं समजायचं का? युनिसन नावाची युनियन कोर्टात गेली आणि जुलै २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती फी बेकायदा ठरवली. मला त्यातला मुद्दा आवडला तो असा की फी भरणं अगदी अशक्यच असायला हवं असं नाही, घरातल्या साध्या गरजांना कात्री लावूनच ती भरता येत असेल तर ती परवडण्यासारखी नाहीच. आपल्याकडे "इच्छा असली की जमतं" म्हणणारे काका-मामा असतात ना प्रत्येक घरात, त्यांना हे वाचून दाखवावंसं वाटतं.

पण नुसतं जिंकूनही भागत नाही, हे सगळ्यात बोचणारं. दक्षिण आफ्रिकेतली आयरीन ग्रूटबूम. केप टाउनजवळ एका मैदानावर उघड्यावर राहणारी ९०० माणसं, त्यात पाचशेहून जास्त मुलं, झोपड्या पाडून हुसकावलेली. घटनेत घराचा हक्क लिहिलेला. ऑक्टोबर २००० मध्ये त्यांच्या घटना न्यायालयानं सांगितलं की सरकारच्या गृहयोजनेत अगदी उघड्यावर पडलेल्यांसाठी काहीच सोय नाही आणि हे घटनेला धरून नाही. जगभर गाजला निकाल, कायद्याच्या कॉलेजांत आजही शिकवतात. आणि जिच्या नावानं तो ओळखला जातो ती बाई २००८ मध्ये वारली, तेव्हाही झोपडीतच राहत होती. आठ वर्षं. निकालानं सरकारी धोरणं बदलली हेही खरं, उगाच सगळं पाण्यात गेलं असं म्हणणार नाही, पण तिला घर मिळालं नाही हेही तेवढंच खरं.

१९६६ साली आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांचा जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या दुसऱ्या कलमात असं आहे की अन्न, घर, आरोग्य, शिक्षण हे हक्क सरकारांनी आपल्याकडे असलेली साधनं जास्तीत जास्त वापरून टप्प्याटप्प्यानं पूर्ण करायचे. टप्प्याटप्प्यानं! हे वाचून मी मोठ्यानं हसले. सगळ्या जगानं मिळून सभ्य भाषेत लिहिलेलं "उद्या या" आहे ते. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यामागे कारण आहे, गरीब देश रातोरात सगळ्यांना घरं कुठनं बांधून देणार, आणि १९९० मध्ये या कराराच्या समितीनं हेही स्पष्ट केलं की किमान गरजेइतकं तरी भागवणं हे प्रत्येक सरकारचं कर्तव्य आहे, आणि भेदभाव करायचा नाही ही गोष्ट तर पहिल्या दिवसापासून लागू, तिला टप्पे नाहीत. पण खिडकीपर्यंत येता येता त्यातलं "टप्प्याटप्प्यानं" तेवढं शिल्लक राहतं.

कागदाचंही तसंच. मुलाची जन्मानंतर लगेच नोंद व्हावी, त्याला नाव मिळावं हा बालहक्क करारातला हक्क आहे, १९८९ चा करार, कलम ७. आणि युनिसेफनं २०२४ च्या शेवटी दिलेला आकडा असा की पाच वर्षांखालच्या सुमारे १५ कोटी मुलांची जगात कुठेच नोंद नाही. शिवाय नोंद आहे पण हातात दाखला नाही अशी ५ कोटींहून जास्त. यात दाखला आहे पण आईचं नाव चुकलंय अशी किती, ते कोण मोजतंय? सरकारी हिशोबात त्या पोरीची नोंद व्यवस्थित झालेली आहे, टिकमार्क झालेला आहे, तिचा प्रश्न सुटलेला आहे.

खिडकीतल्या माणसाला मी शिव्या घालणार नाही. त्याच्यामागे तीन टेबलं रिकामी होती, एकटा सगळं बघत होता, वर सारखं कुणीतरी काचेवर टकटक करत होतं. त्यानं तिला मुद्दाम छळलं असं मला नाही वाटत. मला तर वाटतं की ॲफिडेव्हिटही त्याला खरोखर हवं नसावं, सत्तेचाळीसव्या माणसापर्यंत लवकर पोचायचं होतं त्याला, आणि शेहेचाळीस नंबरला परत पाठवलं तर ती काही करू शकणार नाही हे त्याला बघताक्षणी कळलं. मला परत पाठवलं असतं तर मी ईमेल केला असता, तक्रार केली असती, ओळखीतनं फोन लावला असता, म्हणजे मला परत पाठवणं महाग आणि तिला परत पाठवणं स्वस्त. अन्याय करायला दुष्ट माणूस लागतो हा आपला लहानपणापासूनचा समज, गोष्टींमधनं आलेला. घाईत असलेला, थकलेला, बरा माणूससुद्धा पुरतो. मीटिंग असलेली बाई पुरते.

तो १९४८ चा जाहीरनामा लिहिला जात असताना पहिल्या कलमात 'ऑल मेन' होतं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर दोनच बायका होत्या, एक आयोगाच्या अध्यक्ष एलेनॉर रूझवेल्ट आणि दुसऱ्या भारताच्या हंसा मेहता, आणि हंसाबाईंनी आग्रह धरून ते 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' करून घेतलं, सर्व माणसं. शब्दात अडकून काय होतंय, अर्थ तर सगळ्यांना कळतोच, असं तेव्हाही म्हणणारे होते. मावशी-मॅडमवर मी एवढं का लिहितेय असं ज्यांना वाटतंय त्यांच्यासाठी हे सांगितलं. एका शब्दानं कुणाला घर मिळत नाही, पण आपण गणतीत आहोत की नाही ते तिथंच ठरून जातं, आणि नावातल्या एका वेलांटीनं काय काय अडतं ते मी बघितलंच आहे.

मैत्रिणीला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, तू आता त्या बाईला शोध आणि तिचं काम करून दे. मी म्हटलं नाव माहीत नाही, नंबर माहीत नाही. आणि ते खरंच, पाऊण तास शेजारी बसून तिच्या चारही खेपा ऐकल्या, पोरगी कितवीत जाणार ते विचारलं, पण तिचं नाव काही विचारलं नाही. दाखल्यावर चुकीचं पडलंय ते नाव काय आणि खरं नाव काय, हेही नाही.

परवा माझा दाखला आणायला गेले. वेलांटी नीट केलीय, पण आता आडनावातला काना गायब आहे. परत अर्ज. मंगळवारी जायचंय, हाफ डे टाकलाय. साहेबांनी मागच्या वेळी स्वतःचा नंबर दिला होता, "काही लागलं तर थेट मला फोन करा, रांगेत नका थांबू." तो मोबाइलमध्ये सेव्ह आहे. अजून लावलेला नाही. डिलीटही केलेला नाही.